मानस

आगरवाड्याच्या वाचनालयात सात माणसं होती,
त्यातलं एक पंखा दुरुस्त करायला आलेलं.
फळ्यावर मी लिहिलं, एन्ट्रॉपी.
मग पुसलं. खडूचा धुरळा वर्तमानपत्रांवर बसला.
हा काही परत खडू होत नाही, म्हटलं, तेच हे.
पंखेवाला हसला.
बाकीचे सहा माझ्याकडं बघत राहिले,
सुई टोचण्याआधी नर्सकडं बघतात तसे.

एकतीस वर्षं म्हापशाच्या शाळेत
उत्तराखाली मी दोन रेघा मारल्या.
दोन रेघांच्या खाली
कुणी काही विचारत नाही.

मग राक्षस काढला.
दोन खोल्या, मधे दार, दारावर हा चिमुकला:
धावत येणाऱ्या कणाला उजवीकडं सोडतो,
रेंगाळणाऱ्याला डावीकडं.
एक खोली तापत जाते, दुसरी निवते,
आणि चूल कुठंच नाही.
कुणाला तरी सुचला दीडशे वर्षांमागं,
त्याला दारावरून उठवायला
कितीजणांच्या हयाती गेल्या.

"आमच्या बांधावर आहे असला एक,"
मागच्या बाकावरून कुष्टा मिठगावडे म्हणाले.

संध्याकाळी त्यांच्यामागून बांधावर गेले.
पुनव होती. ओहोटी संपत आलेली.
लाकडी झडपा सैल, शेतातलं पाणी
शापोऱ्यात उतरत होतं, घाई नसल्यासारखं.
मग थांबलं.
मग उलटं फिरलं, बाहेरून झडपांना खांदा लावला,
आणि दार मिटलं.
मिटलं कुणीच नव्हतं.
शेत आत, समुद्र बाहेर.

मानस म्हणतात या दाराला.
पुस्तकात त्याच शब्दाचा अर्थ मन.
मी पाहत होते निवड करणारं,
आठवण ठेवणारं, चुकत नसणारं,
आणि आत कुणी नसलेलं.

"याला पगार कोण देतो?"
कुष्टांनी डोंगराकडं हनुवटी केली,
जिथून चंद्र अजून वर यायचा होता.
"तो. आणि थोडा मी."
लाकूड कुजतं, शिंपल्या खरवडायच्या,
फटींत चिखल थापायचा.
"फुकट कितेंच ना, बाई."

तीन पानं लागली असती मला एवढ्याला.

मी राक्षसाचं राहिलेलं सांगितलं:
कोण धावतं, कोण रेंगाळतं, त्याला टिपून ठेवावं लागतं.
वही भरते. पुसावी लागते.
पुसताना ऊब सुटते, आणि तिथं त्याचा हिशेब फसतो.
"म्हणजे विसरायलासुद्धा पडतात पैसे,"
कुष्टा म्हणाले, आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत.
मला माझा डस्टर आठवला.
एकतीस वर्षं. तळहात नेहमी कोमट.

आगरात गवताखाली मिठाची रास.
त्यांनी मूठभर उचललं, पाटात टाकलं.
"हे मिसळणार. समजलं.
परत काढायला ऊन लागतं. तेही समजलं.
पण ऊन?
सगळं मिसळतच जाणार असेल,
तर एवढं ऊन एका जागी, आधीच,
कुणी वेगळं काढून ठेवलं?"

या प्रश्नाला लांबलचक नाव आहे.
ते माझ्या जिभेवर आलं होतं,
दोन रेघांसकट.

"माहीत नाही," मी म्हटलं.
"तुम्हाला?"
"कुणालाच."
त्यांना बरं वाटलेलं दिसलं.
"मग दुपारी राक्षस कशाला सांगत बसलात?
हे सांगायचं."

मानशीच्या तोंडाशी ओहोटीत लावलेलं जाळं
त्यांनी ओढून काढलं, दोन मासे दिले मला.
शेवटो म्हणतात त्याला.
गुंडाळायला जे वर्तमानपत्र हाती आलं
त्यात माझंच रविवारचं सदर होतं:
सोप्या भाषेत विश्व.

घरी सोडून पाहिलं. कागद भिजलेला,
शाई उतरलेली,
आणि माशाच्या पांढऱ्या पोटावर
'सोप्या'
उलटं उमटलेलं.